मुकादमांचा उजवा हात

दान म्हणून आलेल्या पोत्यातून काय निघेल याचा नेम नसे. धड कोट निघत, न वापरलेले पेले निघत, तसेच एका पायाचे बूट, दांडी तुटलेल्या कढया आणि नको तितके वापरलेले बनियनही निघत. देऊन टाकलं की पुण्य लागलं असं लोकांना वाटतं. काय दिलं ते कोण बघतो? गोदामात ते बघायचं काम मुकादमांचं होतं. बारा वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं होतं, आणि अलीकडे सकाळी पहिल्या पोत्याची सुतळी सोडतानाच त्यांना थकवा येई.

संस्थेचं काम सरळ होतं. लोकांनी दिलेल्या वस्तू गोदामात निवडायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या आणि पुढच्या दुकानात विकायच्या. हे सगळं करणाऱ्यांत कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाचे पाय साथ देत नव्हते. दोन वर्षं इथे काम शिकायचं, मग संस्था बाहेर नोकरी बघून देई आणि रिकाम्या जागी यादीतला पुढचा माणूस येई.

मुकादम हे त्यांचं कागदावरचं पद नव्हतं. कागदावरचं लांबलचक होतं आणि त्यांना स्वतःलाही धड आठवत नसे. चौतिसाव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्यांचा उजवा हात मशीनखाली गेला, कोपराच्या वरपर्यंत. आता ते शर्टाची कॉलर हनुवटीखाली दाबून धरत आणि डाव्या हाताने बटणं, शिवण, काखेतला विरलेला भाग एका दमात तपासत. नवा माणूस चुका करून करून रडकुंडीला आला की म्हणत, "मी हात टेकत नाही तोवर तू टेकायचे नाहीत. माझ्याकडे तर एकच आहे."

चिमटी आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. जन्मापासून आंधळी. भाऊ तिला दारात सोडून घाईघाईने निघून गेला, आणि ती टेबलाशी ताठ बसून राहिली. मुकादमांनी तिच्या पुढ्यात एक कोट ठेवला. तिने बाहीचं टोक बोटांच्या चिमटीत धरलं, जरासं चोळलं आणि म्हणाली, "नुसती लोकर नाही. भेसळ आहे." मुकादमांनी कॉलरमागची पट्टी वाचली. भेसळच होती.

तेव्हापासून ती चिमटी. सुती, रेशमी, नायलॉन, सगळं तिच्या बोटांना कळे. डोळसांच्या नजरेतून सुटलेलं, कसरीने कुरतडलेलं बारीक भोकही तिला सापडे. दुपारपर्यंत तिच्या बाजूचा ढीग उपसलेला असे आणि ती मुकादमांच्या ढिगाला हात घाली. सगळे तिला मुकादमांचा उजवा हात म्हणू लागले. पहिल्यांदा कुणीतरी बोलून गेलं आणि जीभ चावली. मुकादम मात्र खूप दिवसांनी मोकळं हसले होते.

दोन वर्षं पुरी झाली त्या आठवड्यात व्यवस्थापिका बाईंनी त्यांना बोलावलं. एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरी निवडायला माणूस हवा होता. "चिमटीला सांगा," बाई म्हणाल्या, "तुमचं ती ऐकेल."

चार दिवस मुकादमांनी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिले. घरी बायको त्यांचा आखडलेला खांदा चोळून देता देता म्हणाली, "अहो, मुलगी सासरी धाडायची असल्यासारखं काय करताय? नोकरीच लागतेय ना तिला?"

"तिला जायचं नाहीये."

"तिने सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

पाचव्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी विषय काढला. चिमटीने ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून विचारलं, "मुकादम, तुम्ही का नाही गेलात?"

हा प्रश्न बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते गेले होते. गाड्यांच्या तळावर, काचेच्या खोक्यात बसून पावत्या द्यायची नोकरी होती. काम काहीच अवघड नव्हतं. पण दिवसभरात कुणी चार शब्द बोलत नसे. लोक रिकाम्या बाहीकडे बघत आणि पटकन मान वळवत. चार महिन्यांनी एका सकाळी ते तिकडे जायला निघाले आणि इकडे आले. या टेबलाशी उभं राहून कपड्यांच्या घड्या घालायला लागले. तेव्हाच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांनी बघितलं, एक शब्दही विचारला नाही, आणि चहा आणून ठेवला. त्यांच्यापुरता नियम तिथेच वाकला.

"गेलो होतो," मुकादम म्हणाले. "पळून आलो."

"मग मला कशाला पाठवताय?"

"यादीत एकतीस जण आहेत. माझ्यामुळे एक जागा बारा वर्षं अडलीय. दुसरी अडवायला सांगू शकत नाही मी."

चिमटी कप विसळायला उठली. सुट्टी संपल्यावर तिने नेहमीसारखा त्यांच्या ढिगाला हात घातला नाही, एवढंच.

पुढच्या आठवड्यात मुकादम चिमटीला घेऊन लाँड्रीत गेले. तिथली मालकीण तोंडाने गोड आणि मनात धास्तावलेली बाई होती. गरम इस्त्र्या, चाकाच्या गाड्या, ओली फरशी, सगळ्या अडचणी तिने सांगितल्या. मुकादम म्हणाले, "पन्नास चादरी द्या. तुमच्या माणसांनी तपासून झालेल्या." चिमटीने एकेक चादर काठाकाठाने हातांखालून सरकवली. तीन बाजूला काढल्या. दोन उसवलेल्या होत्या आणि एकीला राईएवढं जळकं भोक होतं. मालकिणीने ते भोक खिडकीच्या उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "सोमवारपासून येऊ दे."

रस्ता शिकवायला मुकादम तीन दिवस तिच्याबरोबर गेले. बस कुठे वळते, उतरल्यावर किती पावलांवर चढ लागतो, दाराशी दोन पायऱ्या. तिला पोचवून ते गोदामावर येत तेव्हा तिथे पोत्यांची चळत लागलेली असे. चौथ्या दिवशी ती एकटी गेली.

दोन आठवड्यांनी, व्यवस्थापिका बाईंनी सांगितलं नव्हतं तरी, ते जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत डोकावले. बाकीच्या बायका लांब टेबलाशी गप्पा मारत जेवत होत्या. चिमटी कपाटांपाशी एकटी बसली होती, मांडीवर डबा. त्यांची पावलं ओळखून म्हणाली, "बसा. फार वेळ नाहीये पण."

"कसं चाललंय?"

"काम चांगलं आहे. माणसं बोलत नाहीत. दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसेल असं वाटतं त्यांना. माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलतात."

मुकादमांना काचेचं खोकं आठवलं. वाकून हळूच म्हणाले, "परत यायचंय? मी बाईंशी बोलतो." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपणच दुसरी जागा अडवायला तयार झालोय, पण शब्द मागे घेतला नाही.

चिमटीने डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ लावला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "काल त्यांच्यातल्या एकीला मी नावाने हाक मारली. आवाजावरून. दचकलीच ती. मग विचारत होती, अजून कुणाकुणाचा आवाज ओळखतेस म्हणून. बघू. एवढा महिना जाऊ दे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर येईन. तुम्ही आला होतात तशी."

घंटा झाली. ती भिंतीला हात लावत आत गेली. मुकादम थोडा वेळ तिथेच बसून राहिले. उठायचं जिवावर आलं होतं.

महिना गेला, आणखी दोन गेले. चिमटी आली नाही. ती खूश आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. एकदा बसमध्ये भेटली तेव्हा नव्या इस्त्रीवाल्याच्या तक्रारी सांगत होती, तावातावाने, जुन्या कामगारांनी सांगाव्यात तशा. तिचा थांबा आला तेव्हा पुढच्या बाईने तिला धरून उतरवायचा प्रयत्न केला, आणि ती "येतं मला" म्हणत उतरून गेली.

तिच्या जागी गोदामात पन्नाशीचा एक घड्याळजी आला होता. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडलेली, बोलणं जड झालेलं. पहिल्या दिवशी त्याने तासाभरात सहा शर्ट निवडले आणि त्यातले चार चुकले. मुकादमांनी चारही परत त्याच्या पुढ्यात ठेवले. त्यांचा खांदा ठणकत होता, दाराशी नवी पोती येऊन पडली होती.

"किती दिवस राहू देतात इथे?" घड्याळजीने एकेक शब्द जुळवत विचारलं.

"दोन वर्षं."

"पुरतील?"

मुकादमांनी एक शर्ट उचलला, कॉलर हनुवटीखाली धरली आणि त्याच्या शेजारी बसले. "आधी काख बघायची," ते म्हणाले. "कापड तिथे पहिल्यांदा विरतं."