पोनिंगचं मागचं पाऊल

आमच्या बालिवागान गावच्या चर्चसमोर नांग पोनिंग, म्हणजे पोनिंगताई, मेणबत्त्या विकते असं म्हणणं म्हणजे सुईण नुसतं पाणी तापवते असं म्हणण्यासारखं आहे. मेणबत्ती काय, कुठल्याही दुकानात मिळते. पोनिंगकडे लोक येतात ते तिच्या पायांसाठी.

रिवाज असा, की मेणबत्त्या आपण निवडायच्या: लाल प्रेमाची, हिरवी बरकतीची, निळी प्रवासाची. मग ती विचारते, ‘‘कुणासाठी?’’ आपण नाव सांगायचं. ‘‘काय पाहिजे?’’ तेही सांगायचं. मग ती मेणबत्त्या मुठीत धरून चर्चमधल्या बाळ येशूच्या मूर्तीकडे उंचावते आणि नाचू लागते. दोन पावलं पुढे, एक मागे. गुडघे जरासे मोडलेले, मनगटं सैल, हात लाटेसारखे. ओठांवर आपलं नाव. आपण उभं राहायचं, आपल्या वतीनं ती नाचते.

मी बाळ येशूच्या उत्सवाच्या पथकात ढोल वाजवतो. जानेवारी आला की आमच्या मास्तरीणबाई चौकात पोरापोरींना हीच पावलं शिकवतात. आम्ही त्यावर पिसं लावतो, आरसे लावतो, एवढी चमकी लावतो की पावलं दिसेनाशी होतात. पोनिंगच्या अंगावर फुलाफुलांचा झगा आणि कमरेला पट्ट्याचं पाकीट. तरी बघणाऱ्याची नजर हलत नाही.

जीभ मात्र तिची नाचापेक्षा चपळ. एकदा नर्सिंगची एक मुलगी परीक्षेसाठी आली.

‘‘अभ्यास केलास का गं पोरी, इनदाय?’’

‘‘थोडा केलाय, नांग.’’

‘‘मग मीही थोडंच नाचते.’’

बायको माहेरी गेलेल्या एका बाप्याला तिनं भर गर्दीत विचारलं होतं, ‘‘ती परत हवीय की तिच्या हातचा भात?’’ बिचारा लाल मेणबत्ती ठेवून पळाला. दुसऱ्या दिवशी विचार करून आला, तेव्हा ती मन लावून नाचली.

अशा मेणबत्त्या विकून नाचणाऱ्या बायकांचा एकच कडक नियम. स्वतःसाठी नाचायचं नाही. ‘‘न्हाव्याला स्वतःचं डोकं भादरता येतं का?’’ पोनिंग म्हणायची. तिला तशी कधी गरजही पडली नव्हती.

चर्चच्या दाराच्या दुसऱ्या बाजूला तशीच टोपली घेऊन नांग बासिलिया बसते. दोघींचं बोलणं बंद. कारण गिऱ्हाईक नव्हे, जागा नव्हे. बासिलिया एकदा चारचौघांत म्हणाली होती, ‘‘पोनिंग मागचं पाऊल चोरते, पुरतं घेत नाही.’’ आमच्या गावात नवऱ्यावरून बोललेलं विसरतात, पावलावरून बोललेलं विसरत नाहीत.

उत्सवाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी पोनिंगचा नवरा तिबुर्सियो, आम्हा सगळ्यांचा नोंग म्हणजे दादा, नेहमीसारखा माकूल धरायला होडी घेऊन गेला. पहाटे ईशान्येचा वारा खवळला. बाकीच्या होड्या धडपडत किनाऱ्याला लागल्या, त्याची लागली नाही. तटरक्षक दलाचे लोक शोधायला बाहेर पडले.

पोनिंग टोपली घेऊन आपल्या जागेवर आली. घरी बसून काय करणार? आम्ही चौकात सराव करत होतो. तिनं टोपलीतल्या निळ्या मेणबत्त्या उचलल्या, जवळ कुणी गिऱ्हाईक नसताना. ते बघितलं आणि माझा हात ढोलावर थांबला. चौकातल्या सगळ्यांना नियम माहीत होता.

ती दोन पावलं पुढे गेली. मग आणखी एक पुढेच. मग आणखी एक, आणि तिचा अंगठा चर्चच्या पायरीवर आपटला. ती मूळ जागी आली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा पायरी. जन्मभर जे पाऊल झोपेतही पडलं असतं, ते मागचं पाऊल तिला येईना. माणूस समुद्रावर असताना मागे कोण जाईल?

बासिलिया उठली.

‘‘पोनिंग, मागे ये.’’

‘‘येत नाहीये.’’

‘‘दिसतंय. ठेव त्या मेणबत्त्या. तुझ्या टोपलीतल्या चालणार नाहीत. माझ्याकडून घे.’’

मला वाटलं, काय ही बाई, अशा वेळीही धंदा! पण पोनिंगनं निमूटपणे पाकीट उघडलं, पैसे दिले आणि बासिलियाच्या टोपलीतून निळ्या मेणबत्त्या निवडल्या. गिऱ्हाइकासारखी समोर उभी राहिली.

‘‘कुणासाठी?’’ बासिलियानं विचारलं.

‘‘तुला माहीत नाही?’’

‘‘मला माहीत आहे गं. बाळ येशूला तुझ्या तोंडून ऐकायचंय.’’

‘‘तिबुर्सियो.’’

‘‘काय पाहिजे?’’

हा प्रश्न पोनिंगनं स्वतः हजारोंना विचारला होता. मेणबत्त्या बासिलियाच्या हातात देत ती म्हणाली, ‘‘घरी यावा. बस.’’

बासिलियानं माझ्याकडे बघितलं. ‘‘दोंग, पोरा, ढोल घे. तुमचं ते रस्त्यावरचं धडाडधूम नको. भरती चढते तसं वाजव.’’

मी वाजवू लागलो आणि ती नाचू लागली. मी असंख्य पथकं बघितली आहेत, बक्षिसं मिळवणारीही. असं बघितलं नव्हतं. ती जड बाई पाऊल टाकत नव्हती, जमीन तिला उचलून पुढे ठेवत होती आणि हळूच मागे घेत होती. मागचं पाऊल ती पूर्ण घ्यायची, टाच टेकेपर्यंत. दर वेळी वाटायचं, आता सगळं हातचं गेलं. आणि मग ती पुन्हा पुढे यायची. आमच्या पथकातली पोरं, जी मास्तरीणबाईंपुढेही गप्प बसत नाहीत, ती पुतळ्यासारखी उभी होती.

तेवढ्यात किनाऱ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. होडी आली होती. कुणाची, आत कोण, काहीच कळेना. पोनिंगच्या टाचा उचलल्या गेल्या. पण नाच अर्धा असताना मागणाऱ्यानं पाठ फिरवली तर मागणं तुटतं. तिनं टाचा टेकवल्या, डोळे मिटले.

आणि रस्त्याच्या टोकाला नोंग तिबुर्सियो दिसला. ओलाचिंब, अंगात तटरक्षकाचा ढगळ शर्ट, एका पायात चप्पल. बायकोला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तशी पुतो, म्हणजे तांदळाचे वाफवलेले केक, विकणाऱ्या म्हातारीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. तो समजला. उभा राहिला.

माझा हात आपोआप घाईला आला. समुद्रावरच्या माणसासाठी नाच असला की शेवटी एकदा समुद्राकडे वळायचं असतं. बासिलिया वळली, आणि तिला तो दिसला, समोर, जिवंत. तिनं एक पाऊलही लवकर टाकलं नाही. उलट माझ्याकडे असं बघितलं की ढोल आपल्या लयीवर आला. दोन पुढे. एक मागे. टाच टेकेपर्यंत. इतका धीर माणसाच्या अंगात असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

‘‘पिट सेन्योर!’’ तिनं मेणबत्त्या उंचावून बाळ येशूला हाक दिली. साऱ्या चौकानं ती झेलली.

पोनिंगचे डोळे अजून मिटलेले. ‘‘पुरा झाला?’’

‘‘पुरा झाला.’’

‘‘मागचं पाऊल?’’

‘‘पूर्ण घेतलंय. मी काय पोनिंग आहे? वळ आता.’’

पोनिंग वळली. नवऱ्याला डोक्यापासून त्या एका चपलेपर्यंत न्याहाळत म्हणाली, ‘‘तू कधीपासून उभा आहेस इथे? तोंडातून आवाज काढता येत नव्हता?’’

‘‘मध्येच बोललो असतो,’’ तिबुर्सियो थरथरत म्हणाला, ‘‘तर तूच मला परत समुद्रात ढकललं असतंस.’’