उशिरा पोचवलेलं बोलावणं

"अंकल, बाबा सकाळी गेले," मीराचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालत होतो. सहा आठवडे झाले. शोकसभेत जुन्या कंपनीच्या माणसाने तिच्या वडिलांना, वसंत कर्णिकांना, 'शांत, समाधानी अधिकारी' म्हटलं... समाधानी? माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

कर्णिक मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते, मी त्यांच्या हाताखाली थर्ड इंजिनिअर. वेल्सच्या बंदरात जहाज एकदा दुरुस्तीला अडकलं, तेव्हापासून त्यांना तिथल्या इतिहासाचं वेड लागलं. सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध बंड का केलं, हे ते इंजिनाच्या वर आवाज चढवून सांगत. "म्हणे एका सरदाराची महत्त्वाकांक्षा! अरे, एकाच्या हौसेसाठी अख्खा मुलूख उठतो का? त्यांच्याच भूमीवर इंग्रजांनी गावं वसवली आणि तिथल्या व्यापारात त्यांनाच मज्जाव. कर वेल्सवाल्यांनी भरायचे, अधिकाराच्या जागा इंग्रजांच्या. त्या सरदाराची जमीन शेजारच्या इंग्रजाने बळकावली. दाद मागितली, तर हाकलून दिलं. वर इंग्रज राजाने लढाईला बोलावल्याचं पत्र, सांगतात, त्याच शेजाऱ्याकडे दिलं. त्याने ते मुद्दाम उशिरा पोचवलं. सरदार वेळेवर पोचला नाही, म्हणून गद्दार!"

२०१२च्या सुमारास आमच्या इंजिन रूममध्ये आग लागली, यंत्रांना तेल घालणारा एक ऑइलर भाजला. इंधनाचा तो पाइप बदला, असं चीफनी कंपनीला तीनदा लेखी कळवलं होतं. तरी चौकशी त्यांचीच. सुनावणीच्या नोटिशीचं पाकीट आलं तेव्हा जहाज सिंगापूरलाच नांगरलेलं होतं. सही करून मीच ते घेतलं आणि कॅप्टनच्या टेबलावर ठेवलं. कॅप्टनने चीफना दिलं चार दिवसांनी, आम्ही भर समुद्रात असताना. सुनावणीत 'गैरहजर' असा शेरा, दोष त्यांचा, नोकरी गेली.

"पाकीट कधी आलं, तुला माहीत आहे ना?" त्यांनी मला विचारलं. माझं प्रमोशन तोंडावर होतं, बायको नुकतीच इथे आली होती. "नक्की आठवत नाही, चीफ," मी म्हणालो.  कॅप्टनचा मला आजही संताप येतो, पण तो खोटं बोललाच नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं मला.

पुढे ते इथल्याच एका संस्थेत शिकवू लागले. कंपनीला पत्रं पाठवत राहिले. उत्तर एकालाही नाही. दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली आणि खरं काय ते लिहून दिलं. प्रकरण बंद झालंय, असं कंपनीने एका ओळीत कळवलं. पुलाउ उबीन बेटावर फिरायला जाताना बोटीत मी चीफना ते सांगितलं.  ते म्हणाले, "तूही उशिराच पोचवलंस रे." ...आणि धक्क्यावर उतरल्यावर माझ्यासाठीही भाड्याने सायकल घेतली.

दर शनिवारी सकाळी हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊच्या गाळ्यांमधल्या, कोपऱ्यातल्या टेबलावर ते खलाशांना अर्ज लिहून देत, हे मला मीराकडून आत्ता कळलं. गेल्या शनिवारी मी गेलो. तीन खलाशी वाट बघत होते. चीफ गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. मग खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्याला विचारलं, "नोटीस हातात कधी पडली? तारीख सांग, वेळही सांग."