अक्कांची मावळतीची पाळी

बातमी आली तेव्हा मी दुपारच्या जेवणाला बसलो होतो. दारात दस्तगीर उभा. हा आमचा नाक्यावरचा रखवालदार, कामाच्या वेळेत जागा सोडणारा न्हवं, म्हणून आधी मीच खेकसलो, "अरं, नाका कुणाच्या जिवावर सोडून आलास?" तो म्हणाला, "अक्का गेल्या, सदाभाऊ. सकाळचं जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत." हातातला घास हातातच राहिला... आमचं नातं जेवणावरून जुळलं होतं, आणि तुटलंही ताटावरच.

पद्माक्का माझ्या रक्ताच्या कुणी नव्हेत. रस्त्याला लागून त्यांचं घर, यजमान मागेच वारलेले, मुलाचं दुकान हातकणंगल्याला. मी नगरपंचायतीतला कारकून, कामावर माणसं नेमायचं माझ्याकडं. नेमायचं कसलं डोंबल, नसलेल्या माणसांची वाटणी करायची! डोंगराकडच्या क्रशरवरनं खडीचे डंपर भर गावातून सुटायचे. संध्याकाळी अख्खं गाव किटल्या घेऊन डेअरीत दूध घालायला त्याच रस्त्यावर. म्हणून त्या वेळेत डंपरना बंदी केली, नाक्यावर आडवा बांबू बांधला. पण बांबूपाशी बसायला माणूस नको? तालुक्याचे पोलीस तालुक्यालाच पुरेनात. आमच्याकडं दोन रखवालदार. दस्तगीर दिवस मावळताना घरी जायचा आणि मारुती घरचं जेवून मग यायचा. मधली वेळ उघडी. डंपरवाल्यांना ते बरोबर ठाऊक. ओढ्याच्या पुलापलीकडं रांग लावून, इंजिनं घुरघुरत ठेवून ते दस्तगीरची पाठ फिरायची वाट बघत बसायचे. अशाच एका संध्याकाळी माझी वहिनी डंपर चुकवताना पडली. हात मोडला, आणि रस्त्यावरच्या धुरळ्यात दूध पसरत गेलं.

दुसऱ्या दिवशी सभेत नुसता कालवा. मावळतीला बसायचं कुणी? ज्याला त्याला धार काढायची, चूल पेटवायची, पोरांना वाढायचं. नळाची तक्रार घेऊन आलेल्या अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी जेवून मोकळी असतो की त्या वक्ताला." जैनांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवण उरकतं, पुढं पाणीसुद्धा नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. पण त्याचा नाक्याला उपयोग होईल हे एकाच्याही टकुऱ्यात आलं नव्हतं! नव्या मुख्याधिकाऱ्यांनी मला विचारलं, "या बाई कोणत्या पदावर बसतात?" मी म्हणालो, "साहेब, त्या जेवलेल्या असतात." साहेबांनी परत काही तो विषय काढला नाही.

तेव्हापासून रोज मावळतीला अक्का खुर्ची घेऊन बांबूपाशी. शेजारी माठ, त्याच्या तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं. पाणी गाळूनच भरायच्या. एखादा डंपरवाला वरनं ओरडायचा, "ओ मावशी, उचला की बांबू! मालक शिव्या घालतोय." अक्का शांत. "घालू द्या की. म्हणावं, हिकडं येऊन मला घाला. पावणं, गाडी बंद करा आधी. पाणी घ्या." तो तणतणत उतरायचा, पाणी प्यायचा, आणि हळूहळू उकिडवा बसून घरच्या गोष्टी सांगायला लागायचा. इंजिनं बंद झाली की आमचं गाव ऐकू यायचं. बस्तीतली, म्हणजे जैनांच्या देवळातली घंटा, मशिदीतली बांग, किटल्यांच्या कड्यांचा आवाज, कुठंतरी रेडकू हंबरायचं. हवेतली खडीची पूड खाली बसता बसता पिवळी, मग तांबूस, मग राखाडी व्हायची. मी ऑफिसातनं सुटलो की तिथं टेकायचो. बोलणं फार नसायचं... कधी कधी वाटायचं, हे सगळं आपण झोपेतच बघतोय.

रमजानात दस्तगीर घरी न जाता तिथंच रोजा सोडायचा. बांग झाली की अक्का त्याच्यापुढं खजूर आणि पाण्याचा तांब्या सरकवायच्या. एकाच सूर्याबरोबर त्याचं तोंड उघडायचं आणि ह्यांचं मिटलेलं असायचं. ऐन उन्हाळ्यात मी एकदा म्हणालो, "अक्का, घसा वाळला असंल, घोटभर घ्या की. कोण बघतंय?" त्या हसल्या. "बघायला कोण कशाला पायजे, सदा? ह्या डंपरवाल्यास्नी तरी कोण बघतंय? थांबत्यातच की." मला फार आवडायच्या त्या. हे त्यांना कधी सांगितलं नाही, आता इथं सांगतो.

त्या गेल्या आणि आठवड्यात पुलापलीकडं पुन्हा रांग लागली. नवा माणूस मागितलाय, वरनं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर वहिनीसारखी दुसरी कुणी पडायची वाट बघायची काय? मी घरी सांगितलं, उद्यापासून मला दिवस असताना वाढा. बायको म्हणाली, "आता काय बस्तीत नाव घालतासा?" आमचं घर कसलं, तर रविवारी मटणाशिवाय चूल न पेटणारं! पण आता तांबडा रस्साही मी उन्हातच ओरपतो आणि नाक्यावर जाऊन बसतो. खुर्ची अक्कांचीच. माठ दस्तगीर भरतो, गाळून.

परवा पहिल्याच डंपरवाल्यानं न सांगता गाडी बंद केली. जुना होता, अक्कांच्या वेळचा. पाणी प्याला, मग तांब्या भरून माझ्यापुढं धरला. "घ्या की साहेब, दमलासा." उकाडा मरणाचा होता. तांब्या ओठापर्यंत नेला आणि बघितलं तर उसाच्या फडामागं दिवस बुडाला होता.

मी तांब्या परत दिला. त्यानं कारण विचारलं नाही. माठावरचं फडकं नीट केलं आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला.