फिटरचा रूट

माझा मामा शिंपी. पॅन्ट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि सांगितलेल्या दिवशी ती न देण्यातही नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र दुकानाला कुलूप लावून मामा निघतो तो गावाबाहेरच्या जुन्या खाणीच्या कड्यावर. पेपरवाले याला प्रस्तरारोहण म्हणतात. मामी म्हणते, "पालीसारखं भिंतीला चिकटायचं आणि परत खाली यायचं. वरून काही आणतात म्हणावं, तर तेही नाही."

कड्यावर बरेच रूट आहेत. रूट म्हणजे दगडात ठोकलेल्या बोल्टांची वर जाणारी ओळ. चढणाऱ्याने दोर बोल्टाबोल्टात अडकवत जायचं, सोबत्याने खाली तो धरून उभं राहायचं. ज्याने बोल्ट ठोकले तो न पडता एका दमात वर पोचेपर्यंत दुसऱ्याने त्या रूटला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. तोवर पहिल्या बोल्टला लाल चिंधी.

सगळ्यात उजवीकडची चिंधी मी शाळेत होतो तेव्हापासून लटकते आहे. तो रूट मामाच्या दोस्ताचा, फिटरचा. फिटर त्याच कड्यावरून पडून गेला. चिंधी उन्हाने विटली की मामा नवी बांधतो, तीही कडा दुमडून, टीप मारून. गिऱ्हाइकाची पॅन्ट महिनाभर पडून, आणि मेलेल्या माणसाची चिंधी वेळेवर!

आम्ही घरी हसायचो. पण मामाचा दोर धरायला कड्यावर गेलो की माझं हसू आटायचं. वारा नाही, माणूस नाही, आणि मामा हात वर करून मला अडवायचा. "थांब. त्याला उतरू दे." कोणाला, ते मी एकदाच विचारलं. दुकानात मशीन चालवतानाही त्याचा पाय मध्येच थबकायचा, मान छताकडे जायची. वर फक्त पंखा, तोही बंद. आतून मामी ओरडायची, "चहा एकाचा टाकू की दोघांचा?"

"एकाचाच," मामा शांतपणे सांगायचा. "तो घेत नाही."

मग एक दिवस फिटरची मुलगी दुकानात आली. ती आता दवाखान्यात एक्स-रे काढते, आणि चढते बापासारखीच.

"काका, चिंधी सोडा. बाबांचा रूट मी चढणार."

"तो त्याचा आहे."

"बाबा येणारेत का चढायला?"

मामा सुईत दोरा ओवायला लागला. दोरा आधीच ओवलेला होता.

"आणि दोर तुम्हीच धरायचा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी त्यावर जाणार नाही."

मामाचं तोंड असं उतरलं, की ती गेल्यावर मामीने विचारलं, "कापड बिघडलं का कोणाचं?"

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मामाने चिंधी सोडून खिशात कोंबली. मुलीने कमरेचा पट्टा आवळला, दोराचं टोक हातात घेतलं.

"गाठ मारू नको. आधी ऐक," मामा म्हणाला. "तेव्हा दोराचं एक टोक झिजलं होतं. मी ते कापलं. चांगलं लांब कापलं. दोराच्या मधोमध शाईची खूण असते. एका बाजूने कापलं की मध्य सरकतो, खूण नवी करावी लागते. मी केली नाही. तुझ्या बापाने वरच्या कडीत दोर ओवला तो त्या जुन्या खुणेवर. दोन्ही पदर धरून उतरला. एक पदर जमिनीपर्यंत पोचतच नव्हता; त्याचं टोक हातातून निसटलं आणि दोर कडीतून सुटला. मी खाली पाठमोरा, पिशवी भरत होतो."

खडूची रेघ मारल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा माणूस!

"आईला माहीत आहे?" तिने विचारलं.

"कोणालाच नाही."

ती दगडावर बसली. बऱ्याच वेळाने उठली, अख्खा दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीतून ओढून तपासला, आणि मामासमोरून येऊन माझ्या हातात दिला.

"तू धर."

मामा कड्याकडे पाठ करून बसला.

ती चढली. खालची गुळगुळीत शिळा, मग बोटभर रुंदीची भेग, मग पोट पुढे काढलेला दगड. तिथे तिचा पाय मशीनच्या सुईसारखा थडथडायला लागला. एक खडा सुटून मामाच्या पायाशी पडला. तो दचकला, पण वळला नाही. मला वाटलं, आता पडते. तिने हात झटकला, श्वास घेतला आणि दगडाच्या वर गेली.

माझ्या हातातून दोर सरकत गेला आणि थांबला. मग वरून हाक आली. "काका! उतरू?"

दोर माझ्या हातात होता, पण विचारलं मामाला.

मामा उठला. माझ्या मागे येऊन त्याने दोर धरला.

"उतर."

आम्ही दोघांनी तिला हळूहळू खाली घेतलं. पाय टेकले, तिने गाठ सोडली. तरी मामा सैल पडलेला दोर जपून, वीतवीत सोडतच होता.

"काका, मी आले खाली."

"तू आलीस गं," मामा म्हणाला. नजर वरच. "जरा बाजूला हो."

ती बाजूला झाली.