यादव पगारेंचे तीन साक्षीदार

उपनगर भागातल्या कॉलनीत यादव पगारेंना पत्ता विचारणारा माणूस कधी वेळेवर पोचलेला नाही. पगारे नुसतं घर दाखवत नाहीत. त्या घरात आधी कोण राहत होतं, ते का गेलं, जाताना पंखा काढून नेला की ठेवला, हे सगळं सांगतात. माहीत नसलं तरी सांगतात. "माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून चांगुणाबाईंनी तीस वर्षांच्या संसारात एकदाच ऐकले, आणि तेही मुंग्या लागलेला साखरेचा डबा उघडा कोणी ठेवला असं विचारल्यावर.

हुद्दा म्हणाल तर कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर. रुबाब मात्र कुलगुरूंचा. त्याआधी द्वारका चौकाजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ध्या जिल्ह्याचे प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेले, असं ते सांगत. पुढे दुकान मोडलं, नोकरी लागली, आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात आला. मुलं संदर्भ शोधायला यायची, पहिलं दिसेल ते उतरवून पळायची. पगारेंना ते बघवेना. त्यांनी एक लांबट रजिस्टर घेतलं, पानावर तीन रकाने आखले आणि एकच प्रश्न तीन सर्च इंजिनांना विचारायला सुरुवात केली. कोणी काय दाखवलं, कितव्या क्रमांकावर दाखवलं, कोणाचं कामाचं निघालं, सगळं सुवाच्य अक्षरात.

इंजिनांना त्यांनी नावं ठेवली होती, कॉलनीतल्या माणसांना ठेवावीत तशी. पहिला थोरला. "त्याला जगातलं सगळं ठाऊक, पण तोंड बघून बोलतो. काल तुम्ही काय विचारलं हे ध्यानात ठेवून आज तुम्हाला आवडेल ते आधी पुढे करतो." दुसरा मधला. "हा कोणाची ओळख ठेवत नाही. कलेक्टर असो की कोतवाल, सगळ्यांना तेच उत्तर. थोडं कमी सापडतं, पण मस्का नाही." तिसरा मास्तर. "हा फक्त प्रबंध आणि शोधनिबंध दाखवतो. गप्पा मारायला गेलात तर हाकलून देईल." आणि या सगळ्याचं सार त्यांनी लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं: तिन्हीकडे मिळालं तर खरं. दहा-बारा वर्षांत कितीतरी मुलं या पाटीखाली बसून एम.ए. झाली. निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि ही पाटी आपल्यामागे तिथंच राहणार, याची त्यांना खात्री होती.

गुरुवारी दुपारी आशा भोये आली. पेठकडच्या आंबेदांड पाड्यावरची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. आपल्याच पाड्यातली माणसं दरसाल द्राक्षाच्या बागांवर आणि सिन्नरकडे मजुरीला का जातात, हा तिचा विषय. सुरुवात तिनं केली होती शहाऐंशी सालच्या एका अपघातापासून. पाड्याजवळ तलावाचं खोदकाम चाललं होतं, मातीचा कडा ढासळला, माणसं गाडली गेली. त्यानंतर गावाजवळच्या कामावर जायला लोक धजेनात आणि पाडा बाहेर पडू लागला.

"काका, पाच जण गेले," आशा म्हणाली. "माझ्या आजीची नणंद त्यात होती, झुंबरआजी. पण केदारे मॅडम म्हणतात, घरातल्या माणसाचं नुसतं सांगणं चालणार नाही, दुसरा आधार आण. सोमवारी प्रबंध द्यायचाय."

"आणू की! तीन इंजिनं काय पूजेला ठेवलीत?"

पगारेंनी बाह्या सरसावल्या. थोरल्यानं एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरचं टिपण काढून दिलं. मधल्यानं कोणा हौशी माणसाचा ब्लॉग दाखवला. मास्तरनं एक जुना स्कॅन केलेला प्रबंध पुढे केला. तिन्हीकडे मेलेल्यांचा आकडा एकच होता: तीन.

"घ्या!" पगारे खूश झाले. "तिघांचं एकमत. आजीचं वय काय गं?"

"पंचाहत्तर."

"मग होतं असं. माणूस विसरतो."

"विसरलेला माणूस कमी सांगेल ना काका? दोन जास्त कुठून आणील?"

पगारेंनी पाटीकडे बोट दाखवलं. आशानं पाटी वाचली. मग हळूच विचारलं, "म्हणजे झुंबरआजीला मी काढून टाकू?"

पगारे प्रिंटरमध्ये कागद घालत बसले. आशानं थोडी वाट पाहिली आणि हॉस्टेलची बस चुकेल म्हणून निघून गेली. छापलेले कागद टेबलावरच राहिले.

ते टाचण्यासाठी पगारेंनी हातात घेतले आणि सवयीनं नजर फिरवली. वर्तमानपत्रात लिहिलं होतं, "तीन कष्टकरी जिवांवर काळाने घारीसारखी झडप घातली." बरं लिहिलंय, त्यांना वाटलं. ब्लॉगवर पाहिलं, तिथंही घार. मास्तरच्या प्रबंधात पाहिलं, तिथंही घार.

पगारेंच्या हातातलं स्टेपलर तसंच राहिलं. ती घार ते ओळखत होते. दुकानात असताना मुलांचं कोरडं मराठी त्यांना सोसायचं नाही. कुठं पूर यायचा तर ते "रौद्र रूप" घालायचे, कुणी मरायचं तर घार सोडायचे. मुलं वर आभार मानायची.

त्यांनी कपाट उघडलं. प्रबंध तिथंच होता, हिरामण गावितचा, दोन हजार एक सालचा. इंटरनेटवरचं स्कॅनही त्यांनीच स्वतःच्या हातानं केलं होतं, ग्रंथालयाच्या कामात. ब्लॉगवाल्यानं तळाशी याच प्रबंधाचं नाव दिलं होतं, आणि वर्तमानपत्रानं ब्लॉगवाल्याचं. तिन्ही साक्षीदार एकाच घरचे निघाले, आणि ते घर आपलंच.

मग ती संध्याकाळ आठवली. हिरामणच्या हस्तलिखितात आकड्याच्या जागी नुसती रेघ होती. पाड्यावर जाऊन विचारून येतो म्हणाला होता. बाइंडिंगच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "यादवभाऊ, जाणं झालं नाही. तुम्हीच टाका काहीतरी, एका आकड्यानं काय होतंय." यादवभाऊंनी टाकलं. तीनच का? कोणी सांगितलं नव्हतं. "तीन कष्टकरी जीव" कानाला बरं वाटलं होतं, एवढंच. हिरामणला आता विचारणंही शक्य नव्हतं. तो पुढे शाळेत शिक्षक झाला आणि कोरोनात गेला.

संध्याकाळी घरी पगारे जेवायला बसले आणि बोलेनात. चांगुणाबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. मग गप्प कसे? शेजारचे विचारतील, टीव्ही बिघडला का म्हणून."

पगारेंनी सगळं सांगितलं. चांगुणाबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली आणि गॅस बंद केला.

"पोरीला सांगितलं?"

"नाही अजून. सहा महिने राहिलेत गं. ती पाटी, ते रजिस्टर, सगळ्या कॉलेजात हसं होईल."

"मी पोरीचं विचारलं," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी आशा आली तेव्हा पगारेंनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. हिरामणचा प्रबंध उघडून पानावर बोट ठेवलं. "हा आकडा माझा आहे. मी मनानं टाकला. बाकी सगळ्यांनी इथूनच उचलला."

आशानं ती ओळ पुन्हा वाचली. "आजीनं कितीदा सांगितलं," ती म्हणाली, "आणि मी कालपासून तिच्यावरच संशय घेत होते. रात्री तिला फोन करून विचारलंसुद्धा, नीट आठवतंय का म्हणून." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर पगारेंना बरं वाटलं असतं.

दोघं केदारे मॅडमकडे गेली. अंजली केदारे वयानं लहान, पण कामाला करड्या. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पगारेकाका, तीन खोटं ठरलं म्हणून पाच आपोआप खरं ठरत नाही."

"हो मॅडम."

"आशा, अपघाताच्या वेळचं तिथं काही आहे का? पाटी, दगड, काहीही. कोणी लिहिण्याआधीपासून असलेलं."

आशा एकदम म्हणाली, "चिरे आहेत की."

"कसले चिरे?"

"आमच्यात असं अवचित मरण आलं की त्या माणसाच्या नावानं दगड बसवतात. वर चंद्र-सूर्य कोरतात. तलावाच्या बांधाला आहेत, एकेकाचा एक. पाच."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अगं, मग दोन महिने तू हे का बोलली नाहीस?"

"ते संदर्भ असतात असं कुठं माहीत होतं?" आशा गोंधळली. "तिथं आम्ही नैवेद्य ठेवतो, मॅडम. पाटीखाली बसून तिन्हीकडे शोधलं आम्ही. ते इंजिनात कुठं येणार?"

पाटीचं नाव निघताच पगारेंनी मान खाली घातली.

मॅडमनी अट घातली. चिऱ्यांचे फोटो, प्रत्येक चिरा कोणाचा ते आजीच्या शब्दांत, खाली आजीचा अंगठा. "ते आणलंत तर सोमवारी मी सही करते, पाचाच्या आकड्यावर. आणि काका, तुमचं लेखी निवेदन जोडावं लागेल, नावासकट. जुना आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय नवा कोणी मानणार नाही. प्राचार्य वाचतील."

"वाचू द्या," पगारे म्हणाले. उगाच एक वाक्य जास्त बोलायची त्यांची सवय. पण त्या दिवशी ते एवढंच बोलले. निवेदन त्यांनी तिथंच बसून लिहिलं. अर्ध्या पानाचं. त्यात घार नव्हती.

रविवारी सकाळी आशा आणि पगारे दोघं पेठला उतरली, तिथून जीपनं आणि पुढे पायी आंबेदांडला पोचली. आशाच्या आजी, तानुबाई, ओट्यावर नागली पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"ह्योच का तुझा यंत्रावाला?"

"हो आजी. पगारेकाका."

पगारे चपला काढून ओट्याखाली उभे राहिले. वाटेत त्यांनी मोठं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. "आजी, तीन माणसं मेली असं मी छापलं. कोणाला विचारलं नव्हतं. चुकलो."

तानुबाई नागली पाखडत राहिल्या. कोंडा उडाला, दाणे खाली आले. मग म्हणाल्या, "तवाबी येष्टी येत व्हती पेठपातूर."

आशानं आजीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तानुबाईंनी झटकला आणि त्या उठल्या. "चला. ऊन व्हईल."

चिरे बांधाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली होते. तलावाचं काम पुढे कधी झालंच नव्हतं. खड्ड्यात गवत माजलं होतं. चार दगड कमरेएवढे, पाचवा गुडघ्याएवढा. आशानं वही उघडली, पण तानुबाईंनी तिला थांबवलं. "तू नगं. ह्यो लिवंल."

पगारे मांडी घालून बसले. तानुबाई एकेका दगडावर हात ठेवत गेल्या.

"ह्यो भिका. ह्यो दत्तू, भिक्याचा भाऊ. दोगं एका जाग्याला गावले. ह्यो सोमा, दोन म्हयन्यांपूर्वी लगीन झालेलं. ही माजी नणंद, झुंबर. हजेरीत तिचं नाव नव्हतं. माज्या जागी गेलती, मी बाळंतीण व्हते."

आशानं चमकून पाहिलं. हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं. तानुबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आनि ही मंगळी. हिचंबी नाव नव्हतं. आय तापात व्हती म्हनून तिच्या जागी आली."

"वय किती होतं, आजी?" पगारेंनी विचारलं.

"ठावं नाय. लुगडं अजून नेसत नव्हती, येवढं."

पगारेंनी तेच लिहिलं, जसंच्या तसं. मग आजीच्या सांगण्यावरून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं दुरुस्ती केली. आशानं फोटो काढले. तानुबाईंनी शाईत अंगठा बुडवला, कागदावर दाबला आणि उरलेली शाई करंजाच्या पानाला पुसली.

काम झालं होतं. पगारे कागद पिशवीत घालून उठू लागले, तर तानुबाईंनी त्यांच्या हातात कनवटीचे मूठभर तांदूळ दिले. "ठेव. नाव घेऊन ठेव."

पगारे थबकले. ते बौद्ध, देवापुढं हात जोडणं त्यांच्या बापानंच सोडलं होतं. पण इथं देव कुठं होता? ते पुन्हा खाली बसले. गुडघा कुरकुरला. पहिल्या दगडापुढं त्यांनी चिमूटभर तांदूळ ठेवले आणि म्हणाले, "भिका." तानुबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून आशानं खुणावलं. त्यांनी आवाज मोठा केला. "दत्तू. सोमा. झुंबर."

धाकट्या चिऱ्याशी आल्यावर हातात बरेच तांदूळ उरले होते. ते सगळे त्यांनी तिथं ठेवले. "मंगळी," ते म्हणाले, आणि तानुबाईंनी मान डोलावेपर्यंत उठले नाहीत.