नजरेचं माप

मास्तर गळ्यात टेप घालायचे ते निव्वळ शोभेला. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर आणि स्वभाव अशी तिन्ही मापं त्यांच्या नजरेनं घेऊन टाकलेली असायची. चाळीस वर्षांत शिवलेला कपडा कधी उसवावा लागला नाही म्हणे. स्वभावाचं माप कितीदा चुकलं, ते मात्र कुणी विचारायचं नाही. विचारायची टाप होती का कुणाची!

लेकीनं परदेशात लग्न ठरवलं, तेव्हाही मास्तरांनी फोटो पाहूनच निकाल देऊन टाकला. मुलगा ठीक. पण मुलाचा बाप? "मान बघ त्याची, कशी ताठ! असल्या शिष्ट माणसाच्या घरात माझी पोर नाही द्यायची मला."

लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा येऊन भेटा. तुम्ही हो म्हणालात तरच मी लग्न करीन."

नकार तोंडावर सांगायचा म्हणून मास्तर निघाले. रिकाम्या हातानं जायचं नाही असा बायकोनं दम भरला, म्हणून त्याच फोटोवरून त्यांनी त्या माणसासाठी राखाडी लोकरीचा कोट शिवला. नकार द्यायचा, पण शिलाईत कसूर करायची नाही, असा हा माणूस.

तिकडे पोचले तर सगळं शहर धुक्यात. भर दुपारी दिव्यांभोवती पिवळी वलयं. माणसं धुक्यातून यायची, धुक्यात विरून जायची. एकाचंही माप नजरेत बसेना. अर्धवट झोपेत चालताना मास्तरांना वाटायचं, आपण अजून विमानातच आहोत, आणि लेक एवढीशी आहे, आपलं बोट धरून चाललीय. मग लक्षात यायचं, बोट आपणच तिचं धरलंय.

मुलाच्या बापाचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. सरसाचा नि जुन्या कागदाचा वास, खिडकीपाशी अर्धवट शिवलेली पानं, आणि पानांत अडकवून ठेवलेली सुई. ती सुई पाहून मास्तरांना क्षणभर आपल्याच दुकानात आल्यासारखं वाटलं. इतक्यात तो उठून उभा राहिला. ताडमाड माणूस! मास्तर त्याच्या छातीला लागत होते. त्यानं हात पुढे केला, पण नजर मास्तरांच्या टकलावरून थेट भिंतीवर.

'बघा! म्हटलं नव्हतं?' मास्तर मनात म्हणाले. नकार अगदी ओठांवर आला. पण आधी कोट.

त्यानं हौसेनं कोट घातला. बाह्या बरोबर, खांदे बरोबर, आणि मागे कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली!  फोटोत मान ताठ दिसली, म्हणून मास्तरांनी पाठही ताठच धरून कापली होती. पाठ तर बिचारी वर्षानुवर्षं काम करून गोल झालेली. टाचा उंचावून त्यांनी मानेला हात लावला. "जरा खाली बघा."

"ती वाकत नाही, बाबा," लेक हळूच म्हणाली. "तरुणपणी शिडीवरून पडले, डॉक्टरांनी मानेचे मणके एकमेकांना जोडलेत. फोनवर सांगत होते मी तुम्हाला. पण पालथ्या घड्यावर पाणी!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्या माणसानं स्टूल ओढलं, मास्तरांच्या समोर बसला, डोळ्यांना डोळे भिडवून हसला आणि काहीतरी बोलला.

"म्हणतात, कोट झकास आहे, असाच राहू द्या," लेकीनं सांगितलं. "बसलो एवढ्यासाठी, की तुमचा चेहरा दिसावा. उभं राहिलं की नुसतं टक्कल दिसतं."

मास्तर हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मग कित्येक वर्षांनी त्यांनी गळ्यातली टेप हातात घेतली.

"उठा व्याही," ते म्हणाले. "बसलेल्या माणसाच्या पाठीचं माप घेता येत नाही."

लेकीनं ते त्याला सांगितलं आणि कागद-पेन्सिल ओढली. मास्तरांनी पाठ दोनदा मोजली. आकडे तिनं रडत रडतच लिहून घेतले.