आईचा राब

आमच्या घरची नाचणी कधी संक्रांतीपुढे पुरली नाही. दिवाळी झाली की आईवडील आमच्या कुडाच्या झापाचं दार दोरीने बांधून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचे, ते शिमग्याला परतायचे. मी आश्रमशाळेत राहून शिकले. नववीत असताना वडील वारले, तेव्हापासून आई एकटीच भट्टीवर जाऊ लागली. परत आली की तिच्या नखांतली लाल माती पुढे कितीतरी दिवस निघायची नाही.

सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा. त्या पाड्यावरची मी पहिली बी. ए. जव्हारला राहून झाले, कुणाच्या वशिल्याने नाही. दोन हजार सालानंतर सरकारने गावं स्वच्छ करायची मोहीम काढली, त्यात तालुक्याने मानधनावर माणसं घेतली आणि मी लागले. शिमग्याला आई आली तेव्हा तिला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "मग औंदा दिवाळीनंतर मी नाय जायची. तुझं काम आन् माझी नाचणी. भागंल दोघींचं."

आईला घरी ठेवायचं, एवढंच त्या वर्षी माझ्या मनात होतं.

मोहिमेत प्रत्येक पाड्यावर खताचा खड्डा हवा होता, आमच्याकडचा मी स्वतः खणला. झाडांचा गळलेला पातेरा, शेण, काडीकचरा सगळा त्यात टाकायचा आणि काही जाळायचं नाही. "तपासणीला धूर दिसला की मार्क गेले," असं साहेबांनी बैठकीत बजावलं होतं.

आमच्याकडे तर शिमग्यानंतर घराघरात ढीग रचलेलाच असतो. बाया महिनाभर रानातून पातेरा वेचतात, शेण वाळवतात, टहाळ तोडून आणतात. वैशाखात हे सगळं रोपाच्या जागेवर पसरून भाजायचं, हाच राब. त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर नाचणी पेरायची आणि रोप वीतभर झालं की उपटून डोंगरउतारावर लावायचं. राबाशिवाय नाचणी कुणी केलेली मी पाहिली नव्हती.

तरी मी पाड्यावर उभी राहून सांगितलं की जाळून खत वाया जातं, खड्ड्यात कुजवा. पुस्तकात तसंच होतं.

शेजारची मावशी म्हणाली, "खड्ड्यात टाकल्यावर शेतातल्या गवताचं बी जळतं का गं?"

"खताने जमीन सुधारते, मावशी."

"बी. ए. ला राब असतो का शिकायला?"

बाया हसल्या. मला राग आला. कुणी हलेना, तेव्हा वाटलं की माझ्याच घरातून सुरुवात झाली नाही तर ही माणसं माझं ऐकणार कशी. मी तिथेच आईकडे वळले आणि आधी आपला ढीग खड्ड्यात टाकू म्हणाले. ती ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकली हायेस." दोन दिवस तिने पाटीने आपला ढीग खड्ड्यात नेऊन टाकला. ते बघून बाकीच्यांनीही टाकलं, पण थोडं थोडं. उरलेलं गोठ्यामागे लपवलं. आईने काही मागे ठेवलं नाही.

समिती जीपने आली. खड्ड्यापाशी फोटो काढले, माझं कौतुक केलं, चहा घेतला. प्लास्टिकचे कप त्याच खड्ड्यात टाकून पुढच्या गावाला गेली.

जीप गेल्यावर पाड्यावर चोरून राब भाजले गेले. मला धूर दिसला, तो मी तालुक्याला कळवला नाही. आमच्याच रोपाची जागा कोरी राहिली. खड्ड्यातलं अर्धं कुजलेलं शेण आणून मी त्यावर पसरलं.

पाऊस लागला आणि आमच्या वाफ्यात हिरवंगार उगवलं. नाचणीचं कोवळं रोप आणि गवत सारखंच दिसतं. भाजलेल्या जागेत हा प्रश्न पडत नाही, तिथे फक्त नाचणीच येते. आई इरलं घेऊन वाफ्यात बसली आणि मला म्हणाली, "बाय, यातली नाचणी कंची अन् गवत कंचं, तू सांग." तो टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मला सांगता आलं नाही. आम्ही दोघी उपटत गेलो, त्यात नाचणीही गेली. मावशीने आपली लावणी उरकल्यावर उरलेली रोपं दिली. ती उशिरा लावली, उताराच्या चौथ्या हिश्श्यालाही पुरली नाहीत.

मी साहेबांना जाऊन म्हटलं, राबाचा पातेरा मोहिमेत धरू नका, तसं अहवालात लिहा.

साहेब वाईट नव्हते. फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, त्याला रकानाच नाही."

निकाल लागला तशी मोहीम संपली आणि माझं कामही संपलं. त्या वर्षी पाटीभर नाचणी झाली. दिवाळीनंतर आईने झापाचं दार दोरीने बांधलं. मी भट्टीवर नेणाऱ्या जीपपर्यंत गेले. तिचं गाठोडं माझ्या डोक्यावर होतं.

"तुझं काम परत निघालं तर निरोप धाड," ती म्हणाली. जीपमध्ये बसल्यावर पुन्हा बाहेर वाकली. "खड्डा मात्र चांगला खणलास."

आमच्या पाड्याचा त्या साली तालुक्यात दुसरा नंबर आला.